न वाकता केलेला नमस्कार

अंगण झाडून झालं की तुळसा मांडवकर खराटा कोपऱ्यात उभा करायची, पदराला हात पुसायची आणि पाखाडी चढून वर सडकेला जायची. काही आणायला नाही, कुणाला भेटायलाही नाही. रत्नागिरीला जाणारी सकाळची एसटी गेली की नाही, ते बघायला. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती कमरेवर हात ठेवून उभी असायची. नव्या ड्रायव्हरला वाटे, बाईला गाडीत यायचंय. तो ब्रेक दाबी, आणि तुळसा हातानेच त्याला 'जा, जा' करी. जुने ड्रायव्हर नुसता हॉर्न देत. मग ती खाली उतरून नणंदेला सांगायची, "गेली गो वन्स. आज उशीर केलान मेल्यान."

घरात घड्याळ नव्हतं.

तळेकोंडची ती पाखाडी म्हणजे वरच्या सडकेपासून खालच्या वाडीपर्यंत लावलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांची उतरण. पायऱ्या कुठे वीतभर, कुठे गुडघ्याएवढ्या. पावसाळ्यात त्या शेवाळून हिरव्या होत आणि चैत्रात इतक्या तापत की अनवाणी पाय आपोआप भरभर पडत. हेमा लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी या पायऱ्यांवर तिला दोनदा बसावं लागलं होतं. ती चिपळुणात बाजारपेठेत वाढलेली, कारकुनाची मुलगी. सासू रोज एवढं चढून नुसती गाडी बघून येते, याचं तिला नवल वाटलं. एकदा तिने विचारलंच.

"एवढ्या लांबनं येते बिचारी," तुळसा म्हणाली. "तिला कोन तरी बगाया नको?"

 

तुळसाचा नवरा रावजी मुंबईला गिरणीत होता. तो शिमग्याला आणि गणपतीला यायचा, आणि एका वर्षी आला तो आजारी होऊन, परत न जाण्यासाठी. त्याची थोरली बहीण गोदा फार लवकर विधवा होऊन माहेरी परतली होती. घर एकच, मधे मातीची भिंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन चुली. या दोन बायकांनी मिळून भात लावलं, नाचणी काढली आणि रावजीच्या एकुलत्या मुलाला, शिवाला, शिकवलं. दिवस उजाडल्यापासून त्या भांडायच्या आणि जेवायच्या वेळी भिंतीवरून एकमेकींना कालवण द्यायच्या. शिवाला पोफळीच्या वीजघरात नोकरी लागली, कॉलनीत क्वार्टर मिळालं आणि हेमा तिकडे गेली. तुळसा गेली नाही. "थय काय हाय? समदं सपाट," म्हणाली.

मग तिचा उजवा खुबा दुखायला लागला. आधी लावणीनंतर, मग रोज, मग रात्री कूस बदलताना. लंगडणं वाढलं. पाखाडी तिला सरळ चढवेना, तेव्हा ती कुर्लीसारखी आडवी चढायला लागली, एका हाताने कडेचा दगडी गडगा धरत. एसटी मात्र चुकली नाही. पुढे रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की सांधा पार झिजलाय, हाडावर हाड घासतंय, मुंबईला नेऊन नवा खुबा बसवावा लागेल. वाडीत ही बातमी चांगली गाजली. भागोजी गवंडी म्हणाला, "काकी, जुना चिरा काढून नवा बसवतात तसाच की हो ह्यो." तुळसा म्हणाली, "तुज्यासारका वाकडा नाय बसवला म्हंजे झालं."

हे पंच्याऐंशी सालच्या सुरुवातीच्या थंडीतलं.

मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशनच्या आधी एक तरुण फिजिओथेरपिस्ट रोज येऊन बसायची. तिचं नाव उमा. ती विचारायची आणि हेमाला वाटायचं, पायाच्या दुखण्याचा या सगळ्याशी संबंध काय?

"आजी, रोज किती चालायचात?"

"चालत कुटं गो? घरातच तर असतंय."

हेमाने मग पाखाडीचं सांगितलं, एसटीचं सांगितलं. उमाचे डोळे चमकले. "मी मालगुंडची. पाखाडी म्हणजे काय ते मला सांगू नका," म्हणाली, आणि तुळसाच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "आता माझा हात वर ढकला बघू." तुळसाने ढकलला. दुखण्याने कपाळावर घाम आला, पण हात वर गेला.

"मशेरी लावता?"

"सोडली."

"कधी?"

"आत्ता. तुमी इचारलात तवा."

उमा हसली. मग तिने शेवटचं विचारलं, "बरं झाल्यावर काय करायचंय?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईने याच प्रश्नाला नातवाच्या लग्नात मिरवायचंय म्हणून सांगितलं होतं. तुळसा म्हणाली, "घरी जायचंय."

"आणि?"

"आनी काय? फुडचं घर सांगल."

बाहेर व्हरांड्यात उमाने हेमाला समजावलं. हे प्रश्न उगाच नाहीत, म्हणाली. ऑपरेशन एका दिवसाचं. पण माणूस त्याआधी कसं जगलंय आणि नंतर कुठे जाणार आहे, यावर तो पाय किती चालणार ते बरंचसं ठरतं. मांड्यांत जोर आहे का, वजन बेताचं आहे का, साखर आहे का, मन खचलेलं आहे का, घरी कोण आहे. "तुमच्या सासूबाईंचं सगळं उत्तम आहे. नुसतं घर सोडून."

मोठ्या डॉक्टरांनी तेच जरा कडक शब्दांत सांगितलं. नवा सांधा मांडी घालून बसायला चालत नाही, उकिडवं बसायला चालत नाही, कमरेच्या खाली वाकायला चालत नाही. निखळतो. आणि तळेकोंडच्या घरात चूल जमिनीवर, जेवण पाटावर, शौचाला रानात, वर ती पाखाडी. सोबतीला कोण? सत्तरी ओलांडलेली एक विधवा नणंद. डॉक्टरांनी मान हलवली. मुलाकडे ठेवा, म्हणाले. कायमचं.

तुळसाने ते ऐकलं आणि विचारलं, "घरी जायाचा नाय तर नवा खुबा घेऊन मी काय करू?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले होते. शिवा म्हणाला, "आये, आदी बरी तर हो. मग बगू." पण त्याच्या मनातलं 'मग' आलंच नसतं, हे हेमाला कळत होतं. तुळसालाही कळलं असणार. ऑपरेशनच्या कागदावर तिने अंगठा उठवला तो त्या 'मग'वर.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी उमाने तिला वॉकर धरून उभं केलं आणि पुढे जिन्यावर नेऊन शिकवलं की चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना ऑपरेशनचा. तुळसाने ते आपल्या भाषेत बसवून घेतलं: "चडताना शाना फुडं, उतरताना येडा फुडं." पुढच्या आठवड्यात वॉर्डातल्या सगळ्या बाया जिन्यावर तेच म्हणत होत्या.

तिथून तिला पोफळीला आणलं. क्वार्टर तळमजल्यावर होतं. शिवाने सुताराकडून शौचासाठी भोक पाडलेली उंच खुर्ची करून घेतली होती. खाट खिडकीशी होती आणि नळ बारा तास होता. आणि हेमा होती. हेमाने सासूला ताट हातात दिलं, पाणी ओठांशी नेलं, केस विंचरले. वॉकर हातात घेतला की हेमा दुसऱ्या बाजूने धरायची, आणि मग दोघी इतक्या सावकाश चालायच्या की त्यापेक्षा बसलेलं बरं वाटे. शेजारणी येऊन म्हणायच्या, सून असावी तर अशी. हेमाला ते आवडायचं, यात खोटं कशाला?

पण तुळसा उतरत चालली. बोलणं कमी झालं. व्यायामाला "उद्या" म्हणायला लागली. मांडी, जिच्यावर उमाने हात ठेवला होता, ती लुगड्यातूनही सैल दिसायला लागली. हेमा रात्री शिवाला म्हणायची, सगळं तर डॉक्टरांनी सांगितलं तसंच करतेय मी. काय चुकतंय?

एक दिवस तुळसा म्हणाली, "वन्सना येकदा बगून येतंय. खाली नाय उतरत. वर सडकेवरनंच."

शिवाने ऑफिसातल्या मित्राची जीप मिळवली. तळेकोंडच्या सडकेवर जीप थांबली तेव्हा उन्हं कलली होती. निरोप गेलेलाच होता. गोदा पाखाडी चढून येत होती, मधे थांबत, गडग्याला टेकत. वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. दोघी नणंदा-भावजया समोरासमोर आल्या. मुंबईला जाताना भेटल्या होत्या, त्यानंतर आजच. गोदा म्हणाली, "वाळलीस गो तुळशे." आणि तुळसाने वॉकर सोडला.

तिने पदर दोन्ही हातांत पुढे घेतला आणि नणंदेच्या पायांशी ती खाली गेली. इतकी वर्षं लांबून आल्यावर जशी जायची तशी, गुडघे मोडून, पदर तीनदा पायांना लावायला. हेमा जीपमधून चहाची पिशवी काढत होती. तिने आवाज ऐकला. आधी हाडाचा, मग तुळसाचा.

नंतर त्या दिवसाचा विचार करताना हेमाला एकच गोष्ट पुनःपुन्हा थक्क करायची. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, वाकू नका, हे सगळं तुळसाने अक्षर न् अक्षर पाळलं होतं. पडलेली वाटी तिने कधी उचलली नव्हती. पण नमस्कार करू नका असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि नमस्कार म्हणजे वाकणं, हे तिच्याच काय, जीपपाशी उभ्या असलेल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. शिवा समोर उभा होता. त्याला आई वाकतेय असं दिसलंच नाही. त्याला आई नमस्कार करताना दिसली.

रत्नागिरीला नेऊन, भूल देऊन सांधा जागेवर बसवला. मग वजन लावून पाय ताणून ठेवला, खाटेवर उताणं. मुंबईहून निरोप आला की पुन्हा निखळला तर पुन्हा ऑपरेशन, आणि ते पहिल्यासारखं होईलच असं नाही. शिवाने गावाचं नाव काढायचं नाही असं बजावलं. गोदा दवाखान्यात आली नाही. वाडीतल्या जनीने तिचा निरोप आणला: "माजे पाय जळू देत, म्हनतायत."

पोफळीला परत आल्यावर तुळसा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. पाय जागेवर होता, फोटोत सगळं ठीक होतं, ताप नव्हता. उभी राहत मात्र नव्हती. "कशाला?" एवढंच म्हणायची. हेमा खाटेच्या कडेला बसून त्या पाठीकडे बघायची. ह्या पाठीने भाताचे भारे वाहिलेत, आणि आता ती कुशीवर वळायलाही तयार नाही. सगळं नीट असून माणूस असं विझू शकतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटली.

पावसाळा सरता सरता एका दुपारी दार वाजलं. दारात गोदा उभी. लुगड्याचा काठ चिखलाने माखलेला, हातात बोचकं. ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीत बसली होती. चिपळूणला गाडी बदलली होती, आणि तिथे चुकीच्या गाडीत बसून दोन थांबे पुढे जाऊन परतही आली होती.

"आत्या! एकट्या आलात?"

"मंग काय वरात आनू?" गोदा आत आली. खाटेपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीकडे वळलेली ती पाठ तिने जरा वेळ बघितली.

"भिताडाकडं त्वांड करून कोन निजतंय गो? भिताडावरनं एस्टी जाते काय?"

पाठ हलली. तुळसा वळली. ती नणंदेकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मग हात पदराकडे गेले. हेमा धावली. पण गोदाने आधीच हात वर केला होता.

"थांब. हलू नको. हेमा, ते इस्टूल आन."

स्टूल लाकडी होतं, बल्ब बदलायला लागायचं ते. गोदाने ते समोरच्या खिडकीशी ओढून घ्यायला लावलं, लुगडं खोचलं, खिडकीचा गज धरला आणि हेमा "आत्या, पडाल, आत्या" म्हणेपर्यंत ती त्याच्यावर चढून उभी होती. डोकं जवळजवळ पंख्याशी. स्टूल करकरलं. गोदाचे पाय, रुंद, भेगाळलेले, टाचांत अजून तळेकोंडचा लाल चिखल, तुळसाच्या पोटाच्या उंचीवर आले.

"आता ये," गोदा म्हणाली. "उबी ऱ्हा आनी लाव पदर. वाकलीस तर वरनं लाथ घालीन."

हेमा हसायला लागली आणि मधेच थांबली. कारण तुळसा उठत होती. आधी कोपरावर, मग हातांवर, मग पाय खाली सोडून. हेमा पुढे झाली तर गोदा वरून ओरडली, "धरू नको तिला! तुना नाय करायचाय नमस्कार." हेमा जागीच थांबली. तुळसाने वॉकर पकडला. इतक्या दिवसांनी ती उभी राहिली आणि एकेक पाऊल टाकत निघाली. स्टूल आठ हातांवरही नसेल, पण ती पोचेपर्यंत हेमाला खोलीत श्वास घ्यायचीही हिंमत झाली नाही. वर ती म्हातारी, एका हाताने गज धरून, करकरणाऱ्या स्टुलावर. दोघींपैकी कोण आधी पडणार, कळत नव्हतं.

कुणीच पडलं नाही. तुळसा ताठ उभी राहिली, तिने पदर दोन्ही हातांत घेतला आणि नणंदेच्या पायांना तीनदा लावला. ताठ मानेने. कंबर जराही न वाकवता.

"औक्षवंत व्हा," गोदा म्हणाली, आणि मग लगेच, "आता मना उतरवा गो बायांनो. चडताना इचार नाय केला."

गोदा चार दिवस राहिली. रोज सकाळी स्टूल. दुसऱ्या दिवशी तिने ते दाराशी नेलं, तिसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाला. कॉलनीतल्या बायका कठड्याला टेकून बघायला लागल्या. जाताना गोदा भावजयीला म्हणाली, "मी काय पुन्ना येत नाय ह्या गाडीच्या भानगडीत. नमस्कार करायचा तर थय यायचं."

ती गेल्यावर तुळसा रोज चालली. हेमाने धरणं सोडलं. ते सोडणं किती कठीण होतं, ते तिचं तिलाच माहीत. हात पाठीमागे बांधून ती मागून चालायची.

मुंबईला तपासणीला गेल्या तेव्हा उमाने मांडीवर हात ठेवला आणि वर बघितलं. हेमाने तिला सगळं सांगितलं, स्टुलासकट. उमाने मांडीवरचा हात काढला. मग म्हणाली, "घरी कोण आहे म्हणून विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, म्हातारी नणंद. आणि मी तिला अडचणींत मोजलं."

शिवा मात्र ऐकेना. "परत निकळला तर?" हाच त्याचा प्रश्न, आणि तो खोटा नव्हता. तुळसाने वाद घातला नाही. ती हेमाला म्हणाली, "तू जाऊन बगून ये. तू सांगशील तसं."

हेमा एकटी तळेकोंडला गेली. पाखाडीच्या वरच्या टोकालाच तिला बदल दिसला. गुडघ्याएवढ्या ज्या पायऱ्या होत्या, त्यांच्या मधे भागोजीने अर्धे चिरे बसवले होते. वळणावर टेकायला बाक होतं, चिऱ्याचंच. घरामागे त्याने आडोसा करून उंच बैठकीचा संडास बांधला होता, वाडीतला पहिलाच. घरात जाऊन ती थबकली. मधली मातीची भिंत निम्मी पाडली होती, आणि तिच्या जागी कमरेएवढ्या ओट्यावर एकच चूल होती. ओट्यापाशी गोदा उभी होती, फुंकणी हातात, धुराने डोळे बारीक केलेले.

"उब्यानं सैपाक करतंय बग," ती म्हणाली. "घोड्यावानी. पाय भरून येतात माजे. पन दोन चुली कोन उंच करनार?"

ती जन्मभर चुलीपाशी बसून जेवण रांधणारी बाई. या वयात तिला उभं राहायची गरज नव्हती. तिने पाट माळ्यावर टाकून दिले होते आणि स्वतः बाकावर बसून जेवत होती, पाय अधांतरी, लहान पोरीसारखे. हेमाने त्या पायांकडे बघितलं आणि तिला उमाचे सगळे प्रश्न आठवले, वजनाचे, साखरेचे, मांडीच्या जोराचे. तिने घराकडे बघून न वाकता हात जोडले.

शिवाला तिने एवढंच सांगितलं, "त्यांना तिथंच नेऊया."

दिवाळीनंतर नेलं. सडकेवर जीप थांबली, पण या वेळी गोदा वर आली नव्हती. खालच्या वाडीतले लोक पाखाडीच्या दोन्ही कडांना गडग्यांवर बसले होते.  तुळसाने वॉकर शिवाकडे दिला, काठी घेतली, डावा हात गडग्यावर ठेवला. "येडा फुडं," ती स्वतःशीच म्हणाली आणि पहिली पायरी उतरली. शिवा तिच्या एक पायरी खाली, उलटा चालत, हात पसरून. ती म्हणाली, "बाजूला हो रे, मना पायरी दिसत नाय." बाकावर ती बसली, पाणी प्यायली, भागोजीला म्हणाली, "सरळ बसवलायस की." मग पुन्हा उतरायला लागली. माणसाचं खाली उतरणं इतकं मोठं असू शकतं, हे हेमाला त्या दिवशी कळलं.

खाली घराच्या जोत्यावर, वरच्या कडेला, गोदा उभी होती. तुळसा अंगणात आली. जोत्यापाशी थांबली. वन्सांचे पाय तिच्या हाताशी होते.

पुढे वाडीत हळूहळू तशी रीतच पडली. कुणी कुणाला सांगितलं नाही. तुळसा समोरून आली की तिच्याहून वडील असलेलं माणूस आधी उंच जागा शोधायचं. कुणी गडग्यावर, कुणी विहिरीच्या कठड्यावर, कुणी बांधावर. एकदा देवळात नव्वदीचे रामा आजोबा दोन माणसांच्या खांद्यांना धरून घंटेखालच्या चौथऱ्यावर चढले आणि म्हणाले, "घे पोरी, आटप लवकर, मना चक्कर येते." लहान पोरांना वाटायचं, नमस्कार असाच असतो. मोठ्या माणसांनी चढायचं असतं.

नवा खुबा तिला चार वर्षं पुरला. खुबा अजून पुरला असता, तिलाच दिवस पुरले नाहीत. लावणीला ती गेली नाही, पण बांधावरून दुसऱ्यांच्या चुका काढायला रोज गेली. भांडणं पूर्वीसारखीच, आता एका चुलीवर. एकोणनव्वदच्या माघात एका पहाटे ती झोपेतच गेली. गोदाला आधी वाटलं, हिला आज उठायला उशीर झाला. आणि गोदा रागावलीही होती.

आदल्या दिवसापर्यंत हेमा तिथेच होती, चार दिवस राहायला आली होती. दुपारच्या गाडीने परत पोफळीला जायचं होतं. निघताना तिने पिशवी खांद्याला लावली, गोदाला वाकून नमस्कार केला आणि सासूला करायला आत गेली. तुळसा चुलीपाशी उभी होती, पाठमोरी, काठी ओट्याला टेकवून ठेवलेली, दोन्ही हात मोकळे. नव्या तांदळाची पेज उतू जायच्या बेतात होती आणि ती डाव फिरवत होती. हेमाने पायांना हात लावला तेव्हा तिने वळून बघितलं नाही. नुसता डावा हात मागे आणून सुनेच्या डोक्यावर ठेवला आणि परत घेतला.

"जातंव हां आये," हेमा म्हणाली.

"जा. दार वडून घे गो जाताना, कोंबड्या आत येतात."